काचेतल्या पेशींचा जमाखर्च

अमुक झाडाच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, तमुक संयुगाने विषाणूची वाढ थांबली, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्या खोट्याच असतात असे नाही. पण त्या पेशी कोणाच्या, किती वर्षे काचेत वाढत आलेल्या, त्यांना खायला काय घातले होते, हे सहसा बातमीत नसते. आणि निष्कर्षाचे वजन तर त्यावरच ठरते. जिवाणू, वनस्पती आणि प्राणी या तिन्हींच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या शास्त्राला आता सुमारे दीडशे वर्षे झाली. लसी, इन्सुलिन, केळीची रोपे, क्षयाचे निदान असे पुष्कळ काही त्यातून हाती आले. या तीन शाखांचे इतिहास बहुधा वेगवेगळे सांगितले जातात. ते शेजारी शेजारी ठेवले, की एक गोष्ट लक्षात येते: काचेत सुखाने वाढणारी पेशी आपल्या जातीची प्रतिनिधी क्वचितच असते. बऱ्याचदा तिने काहीतरी गमावलेले असते, आणि तिचे ते गमावणेच आपल्या सोयीचे ठरलेले असते.

जिवाणू: आधी वेगळे काढा

जिवाणू वाढवणे ही मुळात अडचण नव्हतीच. मांसाचा रस्सा उघडा ठेवला तरी ते वाढतात. लुई पाश्चरच्या काळात काचेच्या चंबूतल्या अशा द्रवातच ते वाढवले जात. अडचण होती ती एक जात दुसरीपासून वेगळी काढण्याची. द्रवात सगळेच मिसळलेले. मग रोग नेमका कोणामुळे झाला, हे सांगणार कसे? रॉबर्ट कॉखने उकडलेल्या बटाट्याच्या कापावर, मग जिलेटिनने घट्ट केलेल्या माध्यमावर जिवाणू पसरून पाहिले. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जिवाणू पडल्या जागी वाढतो आणि त्याची डोळ्यांना दिसेल अशी वसाहत तयार होते. एक वसाहत म्हणजे एका जिवाणूची प्रजा. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्याने ही पद्धत दाखवली, तेव्हा पाश्चरही हजर होता.

पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, पातळ होई आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकत. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसेची पत्नी फॅनी हेसे हिने अगर वापरून पाहायला सुचवले. जेली आणि पुडिंग घट्ट करायला ती ते घरी वापरत असे. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळले होते. आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते ते हेच. समुद्री शेवाळापासून काढलेले हे अगर सुमारे ८५ अंशांना वितळते, पण एकदा गोठले की ३७ अंशांना घट्ट राहते, आणि फारच थोड्या जिवाणूंना ते पचते. १८८७ मध्ये यूलियस रिखार्ड पेट्रीने त्यासाठी झाकणाची उथळ काचेची बशी केली. आजही कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचे कल्चर लावतात ते अशाच बशीत.

याच शास्त्राची एक शाखा मुंबईत फुटली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करायला घेतली. त्यासाठी प्लेगचे जिवाणू मोठ्या प्रमाणावर वाढवायला हवे होते. पोषक रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तर त्या थेंबांना धरून जिवाणू खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला उभी राहिलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांची निर्दोष सुटका व्हायला १९०७ उजाडले. बाटलीत नको तो जिवाणू शिरला तर काय होते, याचा हा धडा होता. आजही प्रत्येक कल्चर रूममध्ये कंटॅमिनेशन या शब्दाइतकी धास्ती दुसऱ्या कशाची नसते.

वेगळे काढणे जमले, तरी प्रत्येक जिवाणू आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. म्हणून अंडी आणि मॅलाकाइट ग्रीन घातलेल्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर क्षयाचे कल्चर लावले, की ‘निगेटिव्ह’ म्हणायला आठ आठवडे थांबावे लागते. जीन एक्स्पर्टसारख्या चाचण्या दोन तासांत उत्तर देतात. पण रुग्णाच्या शरीरातला जिवाणू जिवंत आहे की मेलेला, आणि एकंदर कोणकोणती औषधे त्याच्यावर चालतील, हे पाहायचे तर तो वाढवून पाहण्याला अजून पर्याय नाही. थांबण्याचे महत्त्व ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही दिसले. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन जठरातला एक वाकडा जिवाणू वाढवू पाहत होते. बशा दोन दिवसांत काही उगवले नाही की टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि त्यांवर वसाहती आल्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी तो हाच. जठरव्रणाविषयीची वैद्यकाची समजूत त्याने बदलली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

काही जिवाणू मात्र कितीही थांबले तरी वाढत नाहीत. कुष्ठरोगाचा जिवाणू हान्सनने १८७३ मध्येच ओळखला होता, पण आजवर तो कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. तो उंदराच्या पावलात वाढतो, आर्माडिलोमध्ये वाढतो, पेट्री बशीत नाही. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून एक जिवाणू वाढवला गेला आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यापासून लसही तयार झाली आणि चाचण्यांत तिने काही प्रमाणात संरक्षणही दिले; पण तो जिवाणू कुष्ठाचा नव्हे, जवळच्या दुसऱ्या जातीचा ठरला. २००१ मध्ये कुष्ठाच्या जिवाणूचा जीनोम वाचला गेला, तेव्हा या हट्टामागचे कारण कळले. त्याच्या जीनोमचा निम्म्याहून कमी भाग कामाच्या जनुकांचा उरला आहे. यजमानाच्या पेशीत राहून राहून त्याने स्वतः जगण्याची बरीचशी यंत्रणा गमावली. आपण त्याला काय भरवायला हवे, याची यादीच पुरी होत नाही.

हा अपवाद नव्हे. मातीचा किंवा पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जितके जिवाणू दिसतात, त्यांतले नेहमीच्या बशीवर उगवणारे बऱ्याचदा शंभरात एकही नसतात. अलीकडे संशोधक उलट्या वाटेने गेले: माध्यम मातीसारखे करण्यापेक्षा जिवाणूला पातळ पडद्याआड ठेवून मातीतच वाढवायचे. अमेरिकेत अशा ‘आयचिप’मधून मिळालेल्या एका जिवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक सापडले, त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या जिवाणू संग्रहासारख्या संस्था वाढवता आलेले असे जिवाणू जपून ठेवतात.

याउलट जो वाढतो तो किती बदललेला असतो, याचे उदाहरण म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांतला ई. कोलाय के-१२. १९२२ मध्ये स्टॅनफर्डला एका रुग्णाकडून घेतलेला हा जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या बशीत राहून आपल्या बाहेरच्या आवरणातला एक भाग गमावून बसला. माणसाच्या आतड्यात तो आता धड ठाण मांडू शकत नाही. आणि हीच उणीव पथ्यावर पडली. १९७८ मध्ये त्याच्याकडून माणसाचे इन्सुलिन करून घेता आले आणि १९८२ मध्ये ते बाजारात आले, तेव्हा तो निसटला तरी धोका कमी, ही मोठी जमेची बाजू होती.

वनस्पती: प्रश्न अन्नाचा नव्हता

वनस्पतीच्या एकेका पेशीत अख्खे झाड होण्याची क्षमता असली पाहिजे, हा विचार गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडला. त्याने पानातल्या पेशी साखर-क्षारांच्या द्रावणात ठेवल्या. त्या काही आठवडे जगल्या, फुगल्या, पण एकही दुभंगली नाही. अन्न होते, आज्ञा नव्हती. ती आज्ञा संप्रेरकांची, हे कळायला अर्धशतक गेले. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या गाभ्यावर दाखवले, की ऑक्सिन जास्त ठेवले तर मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त ठेवले तर कोंब येतात, आणि दोन्ही समतोल असली तर नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये क्षार-जीवनसत्त्वांचे जे माध्यम ठरवले, ते ‘एमएस’ आजही बहुतेक टिश्यू कल्चर लॅबमध्ये तयार होते.

या प्रवासात नारळाच्या पाण्याचा वाटा मोठा आहे. ते नारळाच्या बीजातल्या भ्रूणाला पोसण्यासाठीच असते, त्यामुळे त्यात वाढीची संप्रेरके असतात. १९४१ मध्ये धोत्र्याचे कोवळे भ्रूण त्यावर वाढवले गेले, आणि १९५८ मध्ये कॉर्नेलला स्टुअर्ड यांनी नारळाच्या पाण्यात गाजराच्या पेशींपासून पुरती रोपे उभी केली. हाबरलांटचे म्हणणे खरे ठरले. भारतातही मोलाचे काम झाले. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून एकगुणी, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपे मिळवली. शुद्ध वाण झटपट तयार करण्याचा रस्ता त्यातून खुला झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या सुमारास वाढलेल्या सागाची रोपे टिश्यू कल्चरने केली, आणि १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या तिच्या एका शोधनिबंधाची बरीच चर्चा झाली. ज्या बांबूला फुलायला अनेक दशके लागतात, तो बाटलीत काही महिन्यांत फुलला होता.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांपर्यंत हे शास्त्र पोहोचले ते केळीतून. आपण खातो ती केळी बिनबियांची; तिची लागवड कंदापासून, मुनव्यांपासून. कंदाबरोबर जुन्या बागेतले रोग आणि सूत्रकृमीही नव्या बागेत येतात. जळगावच्या पट्ट्यात गेल्या काही दशकांत ‘जी-नाईन’ या वाणाची टिश्यूची रोपे रूढ झाली. निवडलेल्या झाडाच्या कंदातला वाढीचा कोवळा टोकाचा भाग काढायचा, निर्जंतुक करायचा, एमएस माध्यमावर कोंब वाढवत न्यायचे, मुळे फोडायची, मग पॉलीहाऊस आणि शेडनेटमध्ये हार्डनिंग करायचे. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट आलेला नसतो. हार्डनिंग न करता ते रोप शेतात लावले, तर दोन दिवसांत करपते. हार्डनिंग नीट झाले, की बाग एकसारखी वाढते, घड एकाच सुमारास कापणीला येतात, माल एकदम निघतो.

पण शेतकऱ्याला विकताना कधी कधी दोन गोष्टींची गल्लत केली जाते. रोगमुक्त रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. मावा किडीतून येणारा कुकुंबर मोझॅक, म्हणजे केळीवाल्यांचा ‘हरण्या’, टिश्यूच्या बागेतही शिरतोच. आणि मातृझाडच बाधित असेल तर लॅब त्याच्या हजारो प्रती काढून गावोगाव पाठवते. शिवाय कोंब पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर हलवण्याच्या, म्हणजे सबकल्चरच्या, फेऱ्या वाढवत नेल्या, की काही रोपे आईसारखी निघत नाहीत. म्हणूनच मातृझाडांची विषाणू तपासणी आणि रोपांचे प्रमाणीकरण यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. तिसरा प्रश्न एकसारखेपणाचाच आहे. सगळ्या बागा एकाच जनुकसंचाच्या असल्या, की पनामा मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार एका झाडाला मारू शकला तर सगळ्यांनाच मारू शकतो. रोपांची संख्या लॅब वाढवते. विविधता वाढवणे तिच्या हातात नाही.

वनस्पतींच्या पेशींचा दुसरा उपयोग कारखान्यासारखा आहे. लाल रंगाचे शिकोनिन जपानमध्ये १९८० च्या दशकात टाकीत वाढवलेल्या पेशींपासून मिळू लागले. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेलही यू वृक्षाची साल सोलण्याऐवजी पेशी-संवर्धनातून काढले जाते. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले गोशे रोगावरचे एक विकर गाजराच्या पेशींत तयार होते. मात्र अशी यशे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. औषधी द्रव्य बहुधा मूळ, साल, ग्रंथी अशा ठरावीक अवयवात तयार होते. सुटी पेशी ते करायचे विसरते.

प्राणी: मरण विसरलेल्या पेशी

प्राण्यांच्या पेशी सगळ्यांत नाजूक. रॉस हॅरिसनने १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणाच्या चेता-ऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात लोंबता ठेवून त्यातून तंतू वाढताना पाहिले. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्सी कॅरेलने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाच्या पेशी वाढवायला घेतल्या, आणि ते कल्चर १९४६ पर्यंत चालवले गेले. पेशी मुळात अमर असतात, असे मग पाठ्यपुस्तकांनीही मानले. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ते खोडून काढले: माणसाची सर्वसाधारण पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगून थांबते. कॅरेलच्या कल्चरमध्ये घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्काबरोबर नव्या पेशी शिरत असाव्यात, असे आता मानले जाते.

ज्या थांबत नाहीत त्या बहुधा कर्करोगाच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्या ‘हेला’ म्हणून जगभर गेल्या. पॅपिलोमा विषाणूने त्या पेशींतली वाढ रोखणारी प्रथिने निकामी केली होती. हेन्रिएटा यांची परवानगी कोणी घेतली नव्हती, आणि त्याच वर्षी त्या वारल्या. त्यांच्या कुटुंबाचा एका मोठ्या कंपनीशी समझोता झाला तो २०२३ मध्ये. याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून घेतले आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

लसींच्या इतिहासात हे तंत्र कळीचे ठरले. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेता-ऊतीशिवाय इतर ऊतींतही वाढवून दाखवला, आणि १९५५ मध्ये साल्कची लस आली. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार होई. त्यासाठी भारतातून ऱ्हीसस माकडे मोठ्या संख्येने बाहेर जात. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. माकडाच्या पेशींबरोबर एसव्ही-४० हा विषाणूही लशीत शिरला होता, हे १९६० मध्ये लक्षात आले. प्रत्येक वेळी नवे माकड मारण्याऐवजी तपासून ठेवलेली, साठवता येणारी पेशीमालिका हवी, हा आग्रह त्यातून बळावला.

आता त्या उणिवांकडे पुन्हा पाहू. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या ‘व्हेरो’ पेशी विषाणू वाढवायला फार सोयीच्या, कारण विषाणू आल्याची वर्दी देणारे इंटरफेरॉन त्यांना बनवता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा काढला आणि पुढे कोव्हॅक्सिन तयार झाली, तीही याच पेशींवर. त्याच संस्थेत, तिचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर होते तेव्हा, १९६७ मध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशीमालिका तयार केली. तिच्यातून पुढे निघालेली सी६/३६ ही मालिका आज डेंग्यू-चिकुनगुन्याचे विषाणू वाढवायला सर्वत्र वापरतात. आणि तिच्यातही विषाणूशी लढणारी आरएनए यंत्रणा मोडलेली आहे, हे नंतर कळले. हेला, व्हेरो, सी६/३६, के-१२: चौघींचा उपयोग त्यांच्या व्यंगामुळेच वाढला. म्हणून व्हेरोमध्ये एखादे औषध विषाणूला रोखते याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. माणसाच्या फुप्फुसात तेच घडेल असे नाही. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या बाबतीत हाच अनुभव आला: व्हेरो पेशींत परिणाम दिसला, रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पेशी कोणती हेच ठाऊक नसणे. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले, की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीमालिका प्रत्यक्षात हेलाच होत्या. पिपेटच्या एका चुकीने शिरलेल्या हेलाने मंद वाढणाऱ्या पेशींना मागे टाकले होते. चुकीची ओळख लागलेल्या मालिकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेच्या वर नावे आहेत. त्यात मायकोप्लाझ्माची भर: हा जिवाणू इतका लहान, की माध्यम गढूळ होत नाही आणि पेशी मरतही नाहीत, पण निष्कर्ष मात्र बिघडतात.

माध्यमातही एक अडचण दडलेली आहे. प्राण्यांच्या पेशींना लागणारे सिरम बहुतेकदा कत्तलखान्यातल्या गाभण गायींच्या भ्रूणांच्या रक्तातून येते. त्याचे प्रत्येक खेपेचे घटक सारखे नसतात आणि नैतिक आक्षेपही आहेत. लसी आणि प्रथिन औषधांच्या उद्योगाने बऱ्याच अंशी सिरमविना, घटक ठाऊक असलेल्या माध्यमाची वाट धरली. संशोधन प्रयोगशाळा अजून मागे आहेत. २०१३ मध्ये लंडनला मार्क पोस्ट यांनी पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा बर्गर दाखवला, तेव्हा त्यावर सुमारे अडीच लाख युरो खर्च झाले होते. सिंगापूरने २०२० मध्ये असे मांस विकायला परवानगी दिली, इटलीने २०२३ मध्ये बंदी घातली. पण ते ताटात स्वस्तात पडेल की नाही, हा प्रश्न अजूनही मुख्यतः माध्यमाच्या किमतीचा आहे.

पुढे काय

शरीरातली पेशी एकटी नसते आणि सपाटही नसते. २००९ पासून आतड्याच्या मूळपेशींपासून अवयवाची छोटी त्रिमित प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, तयार होऊ लागली. यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने आता रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मूळपेशी आणि पुढे त्या रुग्णाच्या चेतापेशी करता येतात. बशीतल्या पेशीने गमावलेले काही प्रमाणात परत देण्याचे हे प्रयत्न आहेत. आयचिपची दिशाही तीच. पण ऑर्गनॉइडमध्येही रक्तवाहिन्या आणि प्रतिकारयंत्रणा सहसा नसतात. उणीव कमी झाली आहे, संपलेली नाही.

तेव्हा या शास्त्राची प्रगती केवळ नव्या पेशी वाढवता येण्यावरून मोजू नये. वाढलेल्या पेशीत काय उरले आणि काय गेले, हे किती नेमके सांगता येते, तेही पाहावे. त्यासाठी लागणारी कामे दिसायला साधी आहेत: पेशीची डीएनए ओळख वेळोवेळी तपासणे, मायकोप्लाझ्माची चाचणी, मातृझाडाची विषाणू तपासणी, संग्रहांना नियमित पैसा. यांतून शोधनिबंध निघत नाहीत आणि पुरस्कारही मिळत नाहीत, म्हणून अनुदानाच्या अर्जात ती शेवटी येतात. जळगावच्या शेतकऱ्याने रोपाचे प्रमाणपत्र मागावे, ही अपेक्षा आपण करतो. पेशींवरच्या प्रयोगाच्या जोरावर औषधाचा दावा करणाऱ्या कुणाकडेही तेवढेच मागायला हवे.